वीतभर माती

(जवाहरनगर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे नोकऱ्यांबद्दल काही ऐकायला मिळेल असं वाटून काही जण आले असतील. त्यांची आधीच माफी मागतो. मी मातीबद्दल बोलणार आहे. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो, हे निमित्त. खरं कारण आमच्या घरातलं आहे आणि ते सांगताना मला लाज वाटते.

ठाणा पेट्रोल पंपावरून आत गेलं की आमचं दोन एकर वावर आहे. अब्बा फॅक्टरीत होते, म्हणून शेती चाचांनी केली. सहा वर्षांपूर्वी चाचांचा फोन आला. एक वीटभट्टीवाला वरची दोन फूट माती मागत होता. पैसे रोख, शिवाय वावर सपाट करून देणार. घरात लग्न होतं. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "चाचा, जमीन तर आपलीच राहते ना? देऊन टाका." इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात दिलेला सल्ला.

पहिल्याच पावसाळ्यात कळलं. आमची बांधी खाली गेल्यामुळे शेजाऱ्याचा धुरा आमच्याकडे ढासळला, त्याचं पाणी आमच्यात येऊन साचलं, आणि भांडण झालं ते वेगळंच. रोवणी झाली, पण धान पिवळं पडलं. चाचांनी युरिया टाकला, मग परत टाकला. हिरवा रंग आला, लोंबीत दाणा मात्र भरला नाही. आजही शेजारच्या बांधीपेक्षा आमचं धान कमी होतं आणि खताला पैसे जास्त लागतात.

असं का झालं, ते मला कबरस्तानात समजलं. तुमच्यापैकी ज्यांनी कब्र खोदायला हात लावला असेल त्यांनी हे पाहिलं असेल. वर वीतभर काळसर माती असते, त्यात मुळं, एखादं गांडूळ. मग रंग फिका होतो, माती घट्ट होते, आणि खाली मुरूम लागतो. आमच्या चाचांनी, म्हणजे मीच, वरचं ते सगळं विकलं होतं. उरलं त्यात आम्ही धान लावत होतो.

त्या वरच्या थरात कुजलेला पाला, मुळं, शेण आणि ते खाणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. हे जीव कुजक्या पदार्थांतून पिकाला अन्न मोकळं करून देतात. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात, पाणी आत मुरतं आणि टिकतं. असा एक सेंटिमीटर थर निसर्गात तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. जेसीबी तो दुपारपर्यंत उचलतो.

आता थोडा हिशोब, ही माझी सवय आहे. एक एकर वावराची वरची १५ सेंटिमीटर माती म्हणजे साधारण ६०० घनमीटर, वजनात सुमारे ८०० टन. तिच्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तरी चार टन कार्बन झाला. माती परीक्षणात अर्धा टक्का म्हणजे 'कमी'ची हद्द, म्हणजे ही गरीब मातीची गोष्ट आहे. भट्टीत वीट भाजली की तो कार्बन जळून हवेत जातो, जवळपास १५ टन कार्बन डायऑक्साइड होऊन. जगभरातल्या मातीत हवा आणि झाडं दोन्हींत मिळून आहे त्यापेक्षा जास्त कार्बन आहे. हवामानबदलावर बोलताना आपण चिमणीकडे आणि गाडीकडे बोट दाखवतो, पायाखाली बघत नाही.

आपल्या भागाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटतं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले, म्हणून मामा तलाव. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून वावरात टाकायचा. पावसाने वाहून नेलेली बारीक माती बैलगाडीने परत यायची, आणि तलावही खोल राहायचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायची गावाची सवय हळूहळू सुटली. कितीतरी बोड्यांत आज बेशरम माजलेली आहे.

दुसरी गोष्ट लाखोरीची. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकायची, धान कापलं की ती वर यायची. नांगरट नाही, पाणी नाही. शेंगवर्गीय पीक असल्यामुळे मुळांच्या गाठींतून हवेतलं नत्र मातीत यायचं. फुकटचा युरियाच म्हणा ना. आता हार्वेस्टर येतो, त्याच्या चाकांखाली लाखोरी टिकत नाही. मागे जे धसकट आणि तणीस उरतं त्याला आपण काडी लावतो. बैल गेले, त्यांच्याबरोबर शेणही गेलं. मग मातीला परत काय मिळतं?

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा माती तपासली. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे, तिच्यात १२ गोष्टी कळतात. सेंद्रिय कर्ब 'अत्यंत कमी' आला, अपेक्षेप्रमाणे. मग दोन उन्हाळे तलावाचा गाळ टाकला. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे. तणीस जाळणं बंद केलं, धैंचा पेरून चिखलणीत गाडला. माती थोडी काळी दिसायला लागली आहे. विकलेली दोन फूट माझ्या हयातीत भरून येणार नाहीत. चाचा कधी बोलून दाखवत नाहीत, पण धुऱ्यावर उभे राहिले की शेजारच्या उंच बांधीकडे बघतात.

ज्यांचं वावर नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरमागे पानगळीचे ढीग पेटवतो ना आपण, ते एका खड्ड्यात टाका, वर स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडी माती. चार-सहा महिन्यांत खत होतं. वास आला तर कोरडा पाला कमी पडलाय असं समजा.

ज्यांच्या घरी वावर आहे त्यांनी उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी, नमुना घ्यावा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घ्यायची, धुऱ्याजवळची आणि झाडाखालची सोडून. सगळी मिसळून अर्धा किलो ठेवायची. आणि घरात कुणी माती विकायचं बोलत असेल तर होकार द्यायच्या आधी मला फोन करा. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलेन.