कर्करोगाच्या मुळाचा शोध : त्रिमितीय पेशीसंवर्धन



शेतातील हरळी वरवर कापली, तर काही दिवस रान स्वच्छ दिसते. परंतु जमिनीतील काशा शाबूत असल्या, तर पावसाबरोबर ती पुन्हा फुटते. कर्करोगाच्या अनेक रुग्णांत असेच घडते. औषधाने गाठ आकसते आणि काही काळाने रोग पुन्हा उलटतो. याचे एक कारण गाठीतील थोड्याशा पेशी होत. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात व गाठीतील इतर पेशींनाही जन्म देतात. त्यांना कर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्तनाच्या कर्करोगातील पेशी वेगळ्या करून उंदरांत टोचल्या. विशिष्ट खुणा असलेल्या अवघ्या १०० पेशींपासूनही गाठ तयार झाली. त्या खुणा नसलेल्या हजारो पेशींपासून झाली नाही. सर्वच कर्करोगांत हे चित्र इतके स्पष्ट नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अशा पेशींचा अभ्यास करणे सोपे नसते. प्रयोगशाळेतील सपाट बशीत पेशी तळाला चिकटून एका थरात वाढतात. प्रत्येक पेशीला अन्न, प्राणवायू व औषध सारखेच मिळते. शरीरातील गाठ मात्र चोहोबाजूंनी वाढते. बाहेरील पेशी भराभर विभागतात, आतील पेशींना प्राणवायू अपुरा पडतो व त्या सुप्त राहतात. अनेक औषधे विभागणाऱ्या पेशींवरच मुख्यतः परिणाम करीत असल्याने सुप्त पेशी वाचतात. म्हणूनच बशीत यशस्वी ठरलेले औषध रुग्णाच्या बाबतीत पुष्कळदा निष्प्रभ ठरते.

यास्तव पेशींना त्रिमितीय वाढ देण्याच्या पद्धती निघाल्या. कॅनडातील कॅलगरी येथे रेनॉल्ड्स व वाइस यांनी १९९२ साली उंदराच्या मेंदूतील पेशी द्रवात तरंगत्या गोळ्यांच्या रूपाने वाढविल्या. आधाराशिवाय तगून नवा गोळा घडविण्याची क्षमता मोजक्याच पेशींत असते; त्यामुळे मूलपेशी हुडकण्यास ही रीत उपयोगी पडली. पुढे २००९ साली नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे तोशिरो सातो व हान्स क्लेव्हर्स यांनी आतड्यातील एकेका मूलपेशीपासून, मऊ जेलीसारख्या आधारद्रव्यात, आतड्याच्या अस्तरासारखी सूक्ष्म रचना वाढविली. तिला ऑर्गनॉइड म्हणतात.

रुग्णाच्या गाठीपासूनही असे ऑर्गनॉइड तयार करता येतात. पचनसंस्थेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, ऑर्गनॉइडवर न चाललेली औषधे त्या त्या रुग्णांवरही चालली नाहीत. निरुपयोगी औषधाचा त्रास व खर्च टाळण्याची शक्यता यातून दिसते.

या गोळ्यांत रक्तवाहिन्या व रोगप्रतिकारक पेशी सहसा नसतात, ही त्यांची मर्यादा होय. तरीही भारतात मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या चाचण्यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना मान्यता मिळाली. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र संशोधनासाठी पेशींचा राष्ट्रीय साठा सांभाळते.

हे सारे संशोधनाचे साधन आहे; उपचार नव्हे. मूलपेशींच्या नावाने कर्करोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींना गावकऱ्यांनी भुलू नये. तोंडातील न भरणारी जखम किंवा स्तनातील गाठ दिसताच रुग्णाला तपासणीसाठी पाठविणे, हे काम शिक्षक व पंचायत सदस्यांना आजही करता येण्यासारखे आहे.