श्वानाचा शिधा आणि माझे चुकलेले त्रैराशिक

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. पाळलेल्या कुत्र्यास दिवसाकाठी किती खावयास घालावे, हा का व्याख्यानाचा विषय? उरलीसुरली भाकरी टाकावी, खाईल तितके खाईल, असे म्हणून आपण मोकळे होतो. मीही पुष्कळ वर्षे असाच मोकळा होतो. परंतु ज्याने सारी हयात मुलांना त्रैराशिक शिकविण्यात घालविली, त्याचेच त्रैराशिक एका मुक्या प्राण्याच्या ताटात चुकावे, आणि त्या चुकीची शिक्षा त्या प्राण्याने भोगावी, असा प्रसंग माझ्या घरी घडला. तो आपणांपुढे मांडावा व त्यातून जे शिकलो ते सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर; पशुवैद्यकातील पंडित नव्हे. तेव्हा माझे बोलणे आपण अनुभवी शेजाऱ्याचे बोलणे म्हणून ऐकावे.

आमचा मोती हा गावठी कुत्रा. अमरावतीस आमच्या ओसरीवर लहानपणी आला आणि घरचाच झाला. तो पुरता वाढल्यावर त्यास किती घालावे, हा प्रश्न निघाला. आमच्या गल्लीत एका गृहस्थांकडे चार किलो वजनाचे एक झुबकेदार केसांचे लहान कुत्रे होते. ते दिवसाला एक ज्वारीची भाकरी व लहान पेलाभर दूध खाऊन आनंदात राही. मी मनाशी गणित मांडले: चार किलोस एक भाकरी, तर सोळा किलोस किती? उत्तर चार भाकरी आणि चौपट दूध. शाळेत या उत्तरास पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्याप्रमाणे मोतीचा शिधा ठरला व तो दोन वर्षे बिनचूक चालला.

या दोन वर्षांत मोतीची कंबर नाहीशी झाली. पाहुणे म्हणत, ‘मास्तर, कुत्रा कसा धष्टपुष्ट ठेवला आहे!’ आणि मला अभिमान वाटे. पुढे वैशाख लागला. आपल्या वऱ्हाडातील वैशाख काय असतो हे मी आपणांस सांगावयास नको. अकोल्यास पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. मुलाकडे अकोल्यास गेलो असता मोती सोबत होता. सकाळी आठ वाजताच तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला, जीभ बाहेर टाकून धापा टाकू लागला आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्यास उचलावयास गेलो तो उचलवेना. धान्य बाजारात एका अडत्याच्या काट्यावर मी प्रथम एकटा उभा राहिलो, तो भरलो एकसष्ट किलो. मग मोतीस कवेत घेऊन उभा राहिलो, तो काटा त्र्याऐंशीवर गेला. वजाबाकी बावीस. जो प्राणी सोळा किलोंचा असावयाचा, तो सहा किलो ओझे अंगावर वागवीत होता.

पशुवैद्यांनी मोतीच्या बरगड्या चाचपल्या, मागचे पाय हलवून पाहिले आणि माझ्या हिशेबाची हकीकत ऐकून ते हसले. ‘गुरुजी,’ ते म्हणाले, ‘आपले गणित बरोबर आहे, पण कुत्र्याचे शरीर त्रैराशिकाने चालत नाही.’ मग त्यांनी जे समजावून दिले, ते आता सांगतो.

मॅक्स क्लायबर नावाचे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले एक शास्त्रज्ञ अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे काम करीत असत. १९३२ साली त्यांनी असे दाखविले की, लहानमोठ्या प्राण्यांच्या शरीरात जी ऊर्जा खर्च होते, ती वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. प्राणी जितका मोठा, तितकी त्याच्या दर किलोमागची भूक कमी. ढोबळ दृष्टान्त द्यावयाचा तर कपातील चहा लवकर निवतो आणि घंगाळातील पाणी उशिरापर्यंत कढत राहते, तशातला हा प्रकार आहे. सारे कारण एवढ्यात मावत नाही, पण कल्पना येण्यास ते पुरे.

पाऊण घात हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्या वर्गमुळाचे पुन्हा वर्गमूळ काढावे. मोतीचे योग्य वजन सोळा किलो. सोळाचा घन ४०९६. त्याचे वर्गमूळ ६४. त्याचे वर्गमूळ ८. या आकड्यास ७० ने गुणावे, म्हणजे प्राणी स्वस्थ पडून असता दिवसाला लागणारी ऊर्जा मिळते. ८ गुणिले ७० म्हणजे ५६०. ही एकके किलोकॅलरीची. लोक व्यवहारात त्यांना नुसते कॅलरी म्हणतात, तसेच मीही म्हणेन.

परंतु कुत्रा काही दिवसभर पडून राहत नाही. म्हणून या आकड्यास आणखी एका संख्येने गुणावयाचे असते. नसबंदी केलेल्या प्रौढ कुत्र्यास १.६, न केलेल्यास १.८, सुस्त व लठ्ठपणाकडे झुकणाऱ्यास १.२ ते १.४, चार महिन्यांच्या आतील पिलास ३ आणि त्यापुढे वाढ पुरी होईपर्यंत २. दूध पाजणाऱ्या कुत्रीस पिलांच्या संख्येप्रमाणे याहूनही अधिक लागते. मोतीची नसबंदी झालेली. म्हणून ५६० गुणिले १.६ म्हणजे ८९६, अर्थात सुमारे ९०० कॅलरी.

आता माझी चूक पाहा. शेजारच्या चार किलोंच्या कुत्र्यास याच रीतीने सुमारे ३२० कॅलरी लागत. एक भाकरी व पेलाभर दूध यांत त्या बरोबर भरतात. मी त्याची चौपट केली. म्हणजे १२८० झाल्या. वस्तुतः चारपट वजनाच्या कुत्र्यास चारपट नव्हे, पावणेतीनपटीहून किंचित अधिक अन्न लागते. रोजच्या ३८० कॅलरी, म्हणजे सव्वा भाकरीहून अधिक अन्न, मी त्याच्या अंगावर चरबीच्या रूपाने लादीत होतो. आणि तो बिचारा कृतज्ञतेने शेपूट हलवीत ते खात होता.

येथे एक सूचना करणे अवश्य आहे. हे सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच कमीअधिक असू शकते. सूत्राने आरंभ करावा आणि पुढे कुत्र्याच्या अंगाकडे पाहून शिधा कमीजास्त करावा. त्याची परीक्षा सोपी आहे. आपल्या हाताची मूठ वळा व बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा टोचत असतील तर तो रोडावलेला आहे. आता तळहाताच्या मांसल भागावरून बोट फिरवा. बरगड्या तशा गडप झाल्या असतील तर तो लठ्ठ आहे. हात सरळ उघडून त्याची पाठ चाचपा. बरगड्या तशा सहज हातास लागत असतील तर उत्तम. शिवाय वरून पाहता कंबर दिसावी आणि बाजूने पाहता पोट मागे वर चढलेले असावे. दर पंधरा दिवसांनी वजन करून ते लिहून ठेवावे.

कोणी म्हणेल, थोडा लठ्ठ असला तर बिघडले काय? अमेरिकेत एका श्वानखाद्याच्या कंपनीने केलेला एक दीर्घ प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. लॅब्राडोर जातीच्या ४८ पिलांच्या २४ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्याच्या पाऊणपट अन्न जन्मभर दिले. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षे भरले आणि पाऊणपट खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांध्यांचे दुखणेही दुसऱ्या गटास उशिरा जडले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे काय, हे ज्याने कुत्रा पाळला त्यास सांगावयास नको.

असो. वैद्यांनी मोतीस सोळा किलोंच्या हिशेबाने स्वस्थपणीच्या ५६० कॅलरींवर आणावयास सांगितले, आणि वजन आठवड्यास एक ते दोन टक्क्यांहून अधिक उतरू देऊ नये, अशी ताकीद दिली. घरी येऊन हा निर्णय सांगताच मोठा गहजब झाला. आमच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, ‘मुक्या जिवाले उपाशी ठेवतोस काय रे? नामदेव महाराज भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावले, अन् तू तोंडातला घास काढतोस!’ याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मुकाट्याने तराजू घेऊन बसलो.

पहिल्या महिन्यात वजन रतीभर उतरले नाही. सूत्र चुकले की काय, अशी मला शंका आली. तेव्हा मी शाळेतील हजेरीपटासारखा एक तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला आणि मोतीस जो जे घालील त्याने ते तेथे नोंदावे, असा नियम केला. आठ दिवसांत गुपित बाहेर पडले. सकाळी चहाबरोबर नातू दोन बिस्किटे देई, सूनबाई पोळीचा पहिला तुकडा देई, कुटुंब दुधाची साय देई, मातोश्री रात्री तुपाचा हात लावलेली चतकोर देत, आणि खोटे कशास बोलू, सायंकाळी फिरून आल्यावर दोन बिस्किटे मीच देई. प्रत्येकाचे म्हणणे एकच, ‘मी एवढेसेच तर दिले!’ एका लहान ग्लुकोज बिस्किटात वीस ते पंचवीस कॅलरी असतात. खाऊ म्हणून जे द्यावयाचे ते दिवसाच्या एकूण अन्नाच्या दशांशाहून अधिक असू नये. आणि तो दशांश मूळ शिध्यातून वजा करावा, असा नियम आहे.

त्या रात्री मातोश्रींनी तो तक्ता मजकडून वाचून घेतला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आम्हीच त्याचे पाय मोडले म्हण ना.’ दुसऱ्या दिवसापासून चतकोर बंद झाली. तिच्याऐवजी त्या मोतीस जवळ घेऊन त्याचे कान खाजवीत बसू लागल्या. मोतीस तेही तितकेच प्रिय होते, हे आम्हांस उशिरा कळले.

आता अन्न कोणते, याविषयी दोन शब्द. नुसती भाकरी व दूध हा माझा दुसरा प्रमाद. कुत्र्यास भाकरी पचत नाही असे नाही; २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले की, माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याच्या अंगी लांडग्यापेक्षा पिष्ट पचविण्याची शक्ती पुष्कळ वाढली आहे. परंतु ज्वारीत प्रथिने दहा टक्क्यांच्या घरात, चुना तर फारच थोडा. आणि प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या अन्नात प्रथिने निदान अठरा टक्के असावी लागतात. शिवाय पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. सोळा किलोंच्या निरोगी कुत्र्यास दीडशेहून कमी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, दोन उकडलेली अंडी, १०० ग्रॅम हाडाविना शिजविलेली कोंबडी, ४० ग्रॅम तुरीच्या डाळीचे बिनफोडणीचे वरण व चमचाभर तेल, इतके दिले म्हणजे नऊशेच्या जवळपास कॅलरी होतात. त्यात चुना व इतर क्षार किती घालावे, ते मात्र पशुवैद्यासच विचारावे. तयार खाद्याचे पुडके आणीत असल्यास त्यावरील कॅलरींचा आकडा पाहावा. शंभर ग्रॅमला ३६० असेल, तर नऊशेस अडीचशे ग्रॅम पुरतात. वाटीने मोजू नये, काट्याने तोलावे. प्रौढ कुत्र्यास दोन वेळा, पिलास तीनचार वेळा द्यावे.

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजविलेली हाडे कधीही देऊ नयेत. आपल्या घरचे फोडणीचे वरण त्यास घालण्यापूर्वी याचा विचार व्हावा. उन्हाळ्यात अन्न सकाळी व सायंकाळी गारव्यात द्यावे. पाणी मात्र कधी मोजू नये. सोळा किलोंच्या कुत्र्यास एरवी दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते, वैशाखात त्याहून पुष्कळ अधिक. ज्यांस अधिक सल्ला हवा त्यांच्यासाठी तालुक्यातालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि अकोल्यास तर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाच आहे.

मोतीस सोळा किलोंवर येण्यास तक्ता लागल्यापासून सहा महिने लागले. दिवाळीत तो अकोल्याचा तोच जिना आपल्या पायांनी चढून गच्चीवर गेला. परंतु त्याचा मागचा डावा पाय थंडीत अजून लंगडतो. माझ्या चुकलेल्या गणितातली ती बाकी आहे. ती आता कोणत्याही भागाकाराने जावयाची नाही.

नामदेवांच्या तुपाच्या वाटीविषयी मी नंतर पुष्कळ विचार केला. ते ज्याच्यामागे धावले ते कुत्रे दारोदार फिरणारे, भुकेले होते. त्यास कोरडी भाकरी घशात अडकू नये, हा त्यांचा कळवळा. दारी बांधलेल्या, दिवसातून सहा वेळा खाणाऱ्या कुत्र्याविषयीचा कळवळा त्याच वाटीने मोजता येत नाही. भुकेल्यास देणे हा धर्म, आणि पोट भरलेल्यास न देणे हाही धर्मच. तो पहिल्यापेक्षा कठीण आहे, कारण त्या वेळी दोन डोळे आपल्याकडे एकटक पाहत असतात.

श्रोतेहो, आज रात्री आपल्या दारच्या कुत्र्यास भाकरी घालण्यापूर्वी एकदा त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून पाहा. मोतीच्या वतीने एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.