लगेच सांगू नका!

पालकहो, शिक्षकहो, मुलानं काही विचारलं की लगेच उत्तर देऊ नका. एवढंच सांगायला आज आलोय.

पावसाचे दिवस आहेत. ओढ्याकाठच्या एखाद्या बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत असतील. मुलांना तिथे न्या आणि तुम्ही गप्प बसा. तेच अवघड जातं! "घरटं कोण विणतं?" असा प्रश्न येईल. "तूच बघ," म्हणा. पिवळ्या डोक्याचा नर विणतो, हे थोड्या वेळानं त्यांचं त्यांनाच दिसेल. अर्ध्या घरट्यावर मादी येऊन पाहणी करून जाते. पसंत पडलं तर नर ते पुरं करतो, आणि मग दुसरं बांधायला घेतो.

दुसरं कशाला? १९३० साली अलिबागजवळ किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अली याच पक्ष्यांवर पाळत ठेवून होते. हातात नोकरी नव्हती. तासन्‌तास बघून, टिपून ठेवलं, तेव्हा उलगडलं की एकच नर एकामागून एक घरटी बांधतो आणि प्रत्येकात निराळी मादी संसार मांडते.

घरी दुधाला विरजण लावल्यावर आपण काय करतो? भांडं बाजूला ठेवतो, थंडीत फडक्यात गुंडाळतो. लागलं का, लागलं का, म्हणून सारखं बोट घातलं तर दही मोडतं. मुलाचा प्रश्न हे तसलंच विरजण. त्याला ऊब हवी. "मग आज काय दिसलं?" एवढं विचारलंत की ऊब मिळाली. आणि विरजण जास्त झालं की दही आंबट होतं. फळ्यावर एकदम वीस प्रश्न लिहून देणारे गुरुजी... असो.

  

पुन्हा सांगतो, उत्तर देऊ नका. मुलाला एक वही द्या. तारीख, वेळ, काय दिसलं, बस्स. त्यातलं शुद्धलेखन तपासू नका, कृपा करा! उद्यासाठी एक काम देतो. झाडाच्या कुठल्या बाजूला घरटी जास्त आहेत, ते मुलांना मोजू द्या. मग पावसाचा वारा कुठून येतो ते बघू द्या. या दोन्हींचा संबंध असा, की... नको, मीच सांगायला लागलो. वेळही संपली.