विद्यापीठाच्या आवारातील पोलीस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली की घरात फी, शिष्यवृत्ती, व्हिसा यांची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. पण 'तिथे अपरात्री अडचण आली तर लेकराने कोणाकडे जायचे?' हा आईचा प्रश्न बहुधा मनातच राहतो. त्याबद्दल मी आज दोन शब्द बोलणार आहे.

आपल्याकडे विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकरी असतो, वसतिगृहाला रेक्टर असतात, आणि गुन्हा घडला तर शहराचे पोलीस ठाणे. अमेरिकेत मात्र पुष्कळ विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस खाते असते. या पोलिसांना राज्याच्या कायद्याने अटकेचे अधिकार असतात. 2011-12 च्या सरकारी पाहणीत, चार वर्षांचे पदवी शिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी सरकारी संस्थांत 92 टक्के, तर खासगी संस्थांत 38 टक्के ठिकाणी असे पोलीस आढळले. इतरत्र अटकेचे अधिकार नसलेले सुरक्षारक्षक असतात. आपल्या विद्यापीठात यांपैकी काय आहे, हे विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

या प्रथेची सुरुवात येल विद्यापीठात झाली असे मानतात. विद्यार्थी आणि न्यू हेवन शहर यांच्यात वारंवार खटके उडत. म्हणून 1894 साली शहर पोलीस दलातील दोन शिपायांची विद्यापीठासाठी नेमणूक झाली. म्हणजे मुळात हे काम सलोखा राखण्याचे होते.

आज ही खाती चोवीस तास चालतात. आवारात जागोजागी निळ्या दिव्याचे खांब असतात. त्यावरील बटण दाबले की थेट मदतकेंद्राशी बोलता येते. ग्रंथालयातून रात्री खोलीवर जायला सोबत हवी असेल तर अनेक ठिकाणी फोन केल्यावर सोबत मिळते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. सायकलची नोंदणी, हरवलेल्या वस्तू, मुलींसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग हीसुद्धा त्यांचीच कामे. जिवावरचा प्रसंग असेल तर 911 हा क्रमांक लावावा.

पालकांनो, आता एका आईबापाची हकिकत ऐका. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात 1986 साली जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर वसतिगृहाच्या खोलीतच अत्याचार होऊन तिचा खून झाला. आवारातील गुन्ह्यांची माहिती आपल्याला कोणी दिलीच नव्हती, हे तिच्या आईवडिलांच्या ध्यानात आले. ते रडत बसले नाहीत; ते कायद्यासाठी झगडले. 1990 साली कायदा झाला, आणि 1998 मध्ये त्याला जीनचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांत असलेल्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी मागील तीन वर्षांच्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावे लागतात. 2024 च्या अखेरीच्या दुरुस्तीने रॅगिंगसारख्या प्रकारांचीही त्यात भर पडली. हा अहवाल प्रवेशापूर्वी घरबसल्या वाचता येतो. तो जरूर वाचा. मात्र आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. जिथे मुले निर्भयपणे तक्रार करतात, तिथे नोंदी जास्त होतात.

इशारा वेळेवर मिळणे किती मोलाचे, हे 16 एप्रिल 2007 रोजी व्हर्जिनिया टेक येथे दिसले. सकाळी वसतिगृहात दोघांचा खून झाला. विद्यार्थ्यांना सूचना गेली ती दोन तासांहून अधिक काळाने. त्यानंतर आणखी तीस जण मारले गेले. 2008 साली तातडीच्या सूचनेची सक्ती कायद्यात आली. म्हणून आपला फोन नंबर विद्यापीठाच्या सूचना-यंत्रणेत नोंदवायला विसरू नका.

पोलीस म्हटले की आपल्या मनात धाकधूक असते, आणि तिला कारणेही आहेत. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाच्याच पोलिसांनी तिखट फवारले. चौकशी समितीने ते असमर्थनीय ठरवले. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी मुस्लिम विद्यार्थी संघटनांवर पाळत ठेवल्याचे उघड झाले, तेव्हा 2012 साली येलच्या अध्यक्षांनी त्याचा जाहीर निषेध केला. म्हणजे पोलीस चुकतात, तशी त्यांना जाब विचारणारी माणसेही असतात. पोलिसाने थांबवले तर पळू नका, हात दिसतील असे ठेवा, सभ्यतेने बोला. अटक झाल्यास गप्प राहण्याचा व वकील मागण्याचा हक्क आहे.

शेवटी मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगतो. अन्याय झाला तर 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसू नका. गुन्ह्याची झळ बसलेल्याने तक्रार करणे हा व्हिसाच्या अटींचा भंग नव्हे. लाज गुन्हेगाराला वाटली पाहिजे. आणि पालकांनो, लेकराचा फोन आला तर आधी ऐकून घ्या, रागावू नका. घरचा भरवसा असेल तरच ते पोलिसांचे दार ठोठावील.