न मारता गप्प करणं



अध्यक्षीय भाषणात सगळ्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र एकच प्रश्न धरून बोलणार आहे. नॅनोकणांवर चढवलेला लेप जिवाणूंच्या आपसातल्या संवादाचं काय करतो?

केनेथ नीलसन आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९७० साली सहकाऱ्यासह दाखवून दिलं, की काही समुद्री जिवाणू विरळ असताना उजळत नाहीत. त्यांनीच बाहेर सोडलेला एक रेणू गर्दीमुळे पुरेसा साठला की मगच प्रकाश सुरू होतो. आपल्या अतिदक्षता विभागांना छळणारा स्युडोमोनास एरुजिनोसा विषं कधी सोडायची, बायोफिल्म, म्हणजे एकत्र राहण्याचा चिकट थर, कशी बांधायची, हे बऱ्याच अंशी याच रीतीने ठरवतो. कॅथेटरवर ती बायोफिल्म एकदा बसली की प्रतिजैविकांचं फारसं काही चालत नाही.

मग जिवाणूला मारण्याऐवजी त्याचा निरोपच वाटेत अडवला तर? दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातल्या गटाने २०१५ साली १५ आणि ५० नॅनोमीटरच्या सिलिका कणांवर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन बसवून हे करून पाहिलं. ग्लुकोजच्या सात घटकांचं हे वर्तुळ बाहेरून पाण्याशी जमवून घेतं, आतून मात्र पाणी टाळतं. निरोपाच्या रेणूची मेदयुक्त शेपटी त्या पोकळीत अडकते आणि उजळणाऱ्या समुद्री जिवाणूंचा उजेड मंदावतो. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. बिट्स पिलानीच्या तिथल्या आवारात मीनल कौशिक यांच्या प्रयोगशाळेने सिल्व्हर क्लोराइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलॅसियमवर तपासले. हा जिवाणू संवाद साधला तरच जांभळा रंग बनवतो. कणांनी तो रंग रोखला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा रोख अन्नाच्या वेष्टनाकडे होता, आणि ही व्यवहाराची नजर मला फार मोलाची वाटते.

सिलिकाच्या उदाहरणात खरं काम गाभ्याने केलं नाही, पृष्ठभागाने केलं. चांदीचा एकच कण घ्या. त्याला कायटोसानचा लेप दिला, तर त्या लेपावरचा धन प्रभार जिवाणूच्या ऋण प्रभाराच्या भिंतीकडे ओढला जातो. पॉलिइथिलीन ग्लायकॉल दिलं, तर तोच कण अलिप्त राहतो, प्रथिनांनाही सहजी चिकटू देत नाही. म्हणून शोधनिबंधात नुसतं ‘चांदीचे नॅनोकण’ असं लिहिणं मला अपुरं वाटतं. लेप कोणता, त्याचा रेणुभार किती, तो पाण्यात किती दिवस टिकला, हे लिहिलं नाही तर दुसऱ्या प्रयोगशाळेला त्या निष्कर्षाचा उपयोग नाही. बंगळुरूतच, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात, जयंत हलदार यांचा गट जिवाणूंवर मारा करणारी बहुवारिकं घडवतो आहे. लेपातलं बहुवारिक म्हणजे निव्वळ आवरण नव्हे, हे या शहराला वेगळं सांगायला नको.

आता माझी काळजी. ‘आम्ही मारत नाही, म्हणून प्रतिकारही वाढणार नाही’ हे वाक्य आपल्या प्रकल्प-अर्जांत फार सहज येतं. पण गप्प करणं नेहमीच निरुपद्रवी नसतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये हीच संवादयंत्रणा बायोफिल्म सैल करून जिवाणूंना मोकळं करते. तिथे तोंड बंद केलं तर विषं कमी होतील, पण बायोफिल्म अधिक जाड होऊ शकते. सिस्टिक फायब्रोसिसच्या जुनाट संसर्गात तर स्युडोमोनासचे असे प्रकार वारंवार सापडतात, ज्यांच्यातला लासआर हा संवादाचा मुख्य जनुकच निकामी झालेला असतो. तरी संसर्ग चालूच राहतो. आणि मात्रा कमी पडली तर परिणाम उलटाही होतो. यांग आणि अल्वारेझ यांनी २०१५ साली दाखवलं, की न मारणाऱ्या अल्प मात्रेतले चांदीचे नॅनोकण स्युडोमोनासची बायोफिल्म वाढवतात आणि संवादाच्या जनुकांनाही चेतवतात.

अशी अल्प मात्रा कुठे असते? सांडपाण्यात. चांदीचा हात दिलेले कपडे धुतले की ती गटारात उतरते. या शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोरमंगला-चल्लघट्टा योजनेतून २०१८ पासून कोलारच्या तलावांत जातं आणि तिथल्या भूजलाला आधार देतं. ते पाणी आधी ज्या जिवाणूंनी साफ करायचं, तेही गाळात गोळे धरून, एकमेकांच्या आधाराने काम करतात. त्यांच्या संवादात ढवळाढवळ करायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. शुद्ध पाण्यातल्या एका जिवाणूवर प्रयोग यशस्वी झाला की थांबू नका. तोच लेपित कण प्रक्रिया केंद्रातल्या खऱ्या गाळात, अल्प मात्रेत, काही आठवडे ठेवून पाहा. सांडपाण्यातला अमोनिया उतरतो की नाही ते मोजा, आणि निकाल प्रतिकूल आला तरी छापा. अशा चाचणीचा मसुदा दुपारच्या सत्रात तयार व्हावा, आणि त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या अभियंत्यांनाही बसवून घ्यावं, अशी माझी विनंती आहे.