टाकाऊ ठरवलेल्या खडकाची बाजू



गोव्याच्या खडकांबद्दल बोलायचे तर डिचोली तालुक्यातल्या सर्वणसारखी जागा नाही. सह्याद्री म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दख्खनचा काळा बसाल्ट उभा राहतो. पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि गोव्यात तो ईशान्येच्या कडेला सत्तरीच्या माथ्यांवरच काय तो सापडतो. डिचोलीतल्या डोंगरांचे मूळ खडक धारवाड कालखंडातले, म्हणजे ढोबळमानाने २५० कोटी वर्षे आणि त्याहून जुने. त्यांना गोवा समूह म्हणतात; बार्शें, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी या त्याच्या खालून वर चार शैलरचना. खाली ज्वालामुखीचा लाव्हा, त्यावर ग्रेवॅकसारखा भरड गाळ, मग फायलाइट आणि पट्टेदार लोहशिला, आणि वर पुन्हा लाव्हा. ज्वालामुखी आणि समुद्रतळाचा गाळ यांची ही एकत्र नोंद आहे. आपण मात्र तिची विभागणी बाजारभावाने केली: लोह भरपूर असेल ते खनिज, उरलेले टाकाऊ. धंद्याच्या हिशेबाला ते चालून गेले. अभ्यासातही तीच विभागणी शिरली, आणि या लोहाचा उगम सांगू शकणारे खडकच आपण डंपावर नेऊन टाकले, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोहशिलेपासूनच सुरुवात करू. तिच्यात क्वार्ट्‌झ आणि लोह-ऑक्साइड यांचे पातळ थर आलटून पालटून येतात. खनिजाचा तुकडा घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पुष्कळ कण आठ पृष्ठांच्या स्फटिकाच्या आकाराचे दिसतात. हा आकार मॅग्नेटाइटचा. हेमटाइटचा स्फटिक असा वाढत नाही. तरी कण असतो हेमटाइटचा, आणि कधीकधी त्याच्या गाभ्यात मॅग्नेटाइटचा अवशेष उरलेला असतो. या रूपाला आपण मार्टाइट म्हणतो. म्हणजे आज जे लोह दिसते ते मूळ रूपातले नाही. मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण झाले, झिरपत्या पावसाच्या पाण्याने सिलिका विरघळून नेली, काही भाग जलयुक्त होऊन पिवळसर गोएथाइट झाला. खनिज समृद्ध झाले ते असे, फार उशिरा. तेव्हा खनिज एवढेच पाहणाऱ्याला शेवटची अवस्था तेवढी कळते. आरंभ शोधायचा तर शेजारच्या गुलाबी फायलाइटकडे आणि हिरवट शिस्टकडे वळावे लागते. त्या शिस्टमध्ये क्लोराइट आणि ॲम्फिबोल आहेत. बार्शेंच्या रूपांतरित बसाल्टमधल्या हिरव्या खनिजांशी त्यांचे नाते आहे. लोहाचा गाळ साचत होता त्या काळातही ज्वालामुखीय द्रव्य येत होते, असा अर्थ मी त्यातून काढतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. क्लोराइट साध्या चिखलाच्या रूपांतरणातूनही तयार होते, मग त्यावरून ज्वालामुखी कसा सिद्ध होणार? एकट्या क्लोराइटवरून होणार नाहीच. ॲक्टिनोलाइट, एपिडोट आणि अल्बाइट यांच्या जोडीने ते सापडले, तर मूळ खडक बसाल्टच्या जातीचा असल्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून माझा आग्रह संपूर्ण खनिजसंचाचा आहे. दुसरा आक्षेप असा की जांभा बनवणाऱ्या हवामानाने इथले सारे पुसून टाकले. फेल्डस्पार आणि अभ्रकाचे केओलिन झाले, तिथे वाचायचे काय? वरच्या पट्ट्याला हे लागू आहे. पण टायटॅनियम, झिर्कोनियम यांसारखी मूलद्रव्ये झिजेतही फारशी हलत नाहीत. त्यांचे परस्पर प्रमाण मूळ खडकाची जात सांगू शकते. शिवाय खाणींचे खोल खड्डे आणि बोअरहोल अनेक ठिकाणी झिजेच्या पट्ट्याखाली उतरले आहेत.

या अभ्यासाचा लोकांना उपयोग काय, हाही प्रश्न येतो. गोव्याच्या खाणींत एक टन खनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन इतर खडक-माती उपसली जात असे. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज परदेशी गेले. मागे काय राहिले याचा अंदाज त्यावरून करावा. पावसाळ्यात शेतात आणि ओहोळात उतरणारी माती याच उपशाची. तिच्यात केओलिन किती, सेरिसाइट किती, बारीक लोह-ऑक्साइड किती, यावर ती किती लवकर वाहून जाईल आणि तिच्यावर काय रुजेल हे ठरते. विहिरींचेही तसेच आहे. सच्छिद्र भुसभुशीत खनिजात पाणी साठते, चिकण झालेल्या फायलाइटवर ते अडते. खाण या जोडीतून खाली गेली की भोवतालच्या विहिरींची पातळी उतरते. खडकाची रचना न वाचता पाण्याचे नियोजन होणार कसे?

सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकपासून लिलाव सुरू झाले. नव्या करारांच्या या काळात माझ्या मागण्या दोन. बोअरहोलच्या गाभ्याचे नमुने, खनिज नसलेल्या भागासकट, सरकारी भांडारात जपावेत आणि विद्यार्थ्यांसाठी खुले असावेत. आणि खड्डा बुजवण्यापूर्वी शिस्ट, फायलाइट व लोहशिला एकत्र दिसतात असा एक उभा छेद, सुरक्षित उतार देऊन, डिचोली तालुक्यात निदान एका ठिकाणी तसाच उघडा ठेवावा.