मशीन कितीदा फिरलं?

(औंध येथे मिशनच्या आदिवासी कल्याण कार्यास हातभार लावणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या अर्पणांबद्दल आभार मानण्यासाठी मला येथे बोलावले आहे. ते मी मनापासून मानतो. पण आज मला एका बिलाविषयी सांगायचे आहे. ते बिल मीच केले होते.

मी बरीच वर्षे एका रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर बसलो. एका गळीत हंगामात नंदुरबारकडचा एक भिल्ल ऊसतोड कामगार आला. विड्यांनी पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या, अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली. या तपासणीत हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि ते रक्ताबरोबर पोटातून पायांकडे उतरत असता मशीन चित्रे घेते. रक्त कोठे अडले ते दिसते. पाय वाचेल की कापावा लागेल, हे ठरवायला त्याचा आधार होतो.

माझ्या संगणकात प्रत्येक तपासणीला एक कोड होता. पोट, ओटीपोट, उजवा पाय, डावा पाय असे चार कोड मी लावले. चार रकमा पडल्या. त्याच्या बायकोने मुकादमाकडून आणखी उचल घेऊन पैसे भरले. पावती हातात धरून त्या भावाने विचारले, "साहेब, मशीन कितीदा फिरलं?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटर दाखवतो तेच बिल असतं."

रात्री झोप लागली नाही. सकाळी कागद काढून पाहिले. तपासणी एक, अहवाल एक. वरिष्ठांना सांगून बिल दुरुस्त केले, पण फरकाचे पैसे घेऊन फडावर गेलो तेव्हा टोळी पुढे गेली होती. कागदावर मुकादमाचा फोन होता, तो कोणी उचलला नाही. शस्त्रक्रियेसाठी ते कुटुंब परत आले नाही. उचल मात्र अंगावर राहिली. ती पुढच्या हंगामात कोयत्यानेच फेडायची असते.

अमेरिकेतील रुग्णालयांत असे कोड ठरलेले आहेत. पोटाच्या अँजिओग्राफीला ७४१७५, पायाच्या अँजिओग्राफीला ७३७०६. पण पोटातील महाधमनीपासून दोन्ही पायांपर्यंत एकत्र पाहिले तर ७५६३५ हा एकच कोड. एका कामाचे तुकडे करून वेगवेगळे पैसे लावू नयेत, म्हणून तो आहे. आपल्याकडे रुग्णालयागणिक यादी वेगळी असते. म्हणून खिडकीवर बसणाऱ्याचा विवेक आणि रुग्णासोबत आलेल्याचा प्रश्न, दोन्ही हवेत. खोट्या तराजूविषयी शास्त्र काय सांगते, ते आपण जाणता. तो तराजू संगणकातही असू शकतो.

दुसरी चूक याहून मोठी. त्याच्याकडे रेशनकार्ड आहे का, हे मी विचारलेच नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. योजनेतील रुग्णालयात मंजूर उपचाराच्या पॅकेजमध्येच त्या उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्याही येतात. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ऊसतोडीला निघताना कार्ड बहुधा गावाकडच्या पेटीत राहते.

याच औंधात १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. ज्याचा कारभार त्याला कळावा, एवढेच मीही मागतो.

म्हणून माझी विनंती पैशांची नाही. आपल्या मंडळीतील वाचता येणाऱ्या एकाने आजारी मजुराबरोबर रुग्णालयात जावे. टोळ्या येताच रेशनकार्ड आणि आधारच्या प्रती जमवाव्यात. रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटावे. अडल्यास १५५३८८ वर विचारावे. बिल बाबवार मागावे, तो रुग्णाचा हक्क आहे. आणि नम्रपणे विचारावे, मशीन कितीदा फिरलं?

त्या दिवशी हा प्रश्न विचारणारा माणूस एकटा होता. यापुढे तो एकटा नसावा, यासाठी प्रार्थना करा आणि सोबतही जा.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.